सहा पायांचा किडा

नागपूर
१७ नोव्हेंबर २०२४

प्रिय गोपिका,

सप्रेम नमस्कार. पोळ्यापासून तुला एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल माफी मागते. तू फोन उचलत नाहीस हे खरं; पण मी दोनदाच केला, हेही खरं. तुमच्या कुहीला धानाची कापणी सुरू असेल. सासूबाईंचा गुडघा कसा आहे? मी बरी आहे. तू भरतकाम केलेला खंड्याचा पॅच अरुंधतीने तिच्या ऑफिसच्या पिशवीवर शिवून घेतला. माझी बहीण सहसा कशाचं कौतुक करत नाही.

ऑगस्टच्या सुरुवातीला सदर बाजारातल्या त्या दुकानात मला आपला मृगाचा किडा दिसला. तसाच लाल, खाली तीच वाकडी गवताची काडी. असे पंचवीसेक पॅच टोपलीत ओतून ठेवलेले. चित्र माझं, आणि ते भरणारी तू एकटी. म्हणजे चित्राचा कागद त्यांना तूच दिलास, हे मी दुकानाच्या पायऱ्या उतरायच्या आत ठरवून टाकलं. मग तुझं सगळंच तसं दिसू लागलं. ही सदरवरून का येते? लाल धागा इतक्यात कसा संपला? फोन आला की गॅलरीत का जाते?

तुला मी "सध्या ऑर्डर नाही" असं कळवलं. ऑर्डर होती.

गेल्या सोमवारी त्या दुकानातून एक पॅच विकत आणला. तुझ्याविरुद्ध पुरावा हवा होता म्हणूनच. घरी चष्मा लावून पाहिलं, तर किड्याला सहा पाय.

आठवतं? मी आधी सहाच काढले होते आणि तू सुई खाली ठेवली होतीस. "ताई, याले आठ पाय रायते. तुमी कॉलेजात शिकल्या, आमी माचिसच्या डब्बीत पाळले." मग आठ पायांचा नवा कागद केला आणि तुझ्याकडे तोच गेला. सहा पायांचा माझ्याच टेबलावर राहिला, रंगांची नावं लिहिलेला. जूनमध्ये त्या दुकानदाराला खंड्याचे नमुने दिले, ते मी त्याच वाया गेलेल्या कागदात गुंडाळून दिले होते.

इथेच पत्र संपवणार होते. पण पोळ्याच्या आदल्या दिवशीचं राहिलं. तू हात धुवायला गेलीस आणि मी तुझी पिशवी उघडली. वर पाहिलं तर तू दारात.

"काय शोधून राहिल्या ताई? सांगा, मीच काढून देते."

मी म्हटलं, कात्री. कात्री नाडीला बांधून माझ्याच गळ्यात होती. तू तिच्याकडे पाहिलंस.

त्याच आठवड्यात मी ब्लाउजवाल्या हर्षाला सांगितलं की गोपिकावर भरवसा ठेवू नकोस. तिच्याकडचं ब्लाउजचं काम एकाएकी का थांबलं, हे तू तिला विचारलं असशील. तिने माझं नाव घेतलं नसेल.

आता मला या पत्राचाही संशय येतो. जानेवारीत प्रदर्शन आहे आणि तुझ्यासारखा टाका कुणाचा बसत नाही. माफी मागते आहे की तुझा हात मागते आहे? मला नीट सांगता येत नाही. तू ठरव.

तुझ्या हाताकडे पाहिलं, तुझ्याकडे नाही, अशी
नंदिनी

उद्याचं माझं काम: हर्षाकडे जाऊन खरं सांगणे. त्याआधी हे पत्र टपालपेटीत टाकायचं नाही.