अण्णा अस्वलाच्या आवाजाची वाटणी

मी, कमलाकर विष्णु पोंक्षे, वय एकोणऐंशी, राहणार शर्ली, साउथहॅम्प्टन, गोदीतल्या क्रेन-दुरुस्ती खात्यातून निवृत्त, हे मृत्युपत्र स्वखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. राग मात्र आहे, आणि तोही पूर्ण शुद्धीतला आहे. सॉलिसिटरबाईंनी तो गाळायला सांगितला होता. मी गाळलेला नाही. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. या पत्राची अंमलबजावणी आमच्या दातांच्या डॉक्टर निधी वाळिंबे यांनी करावी. कोणी रडले म्हणून निर्णय फिरवायची त्यांना सवय नाही.

२. माझी सर्व हत्यारे शेजारच्या शशिकांतला द्यावीत. त्याने नेलेली शिडी परत आणलीच नाही, तेव्हा तीही आता त्याचीच.

३. इथल्या महाराष्ट्र मंडळाला एक पेनीही देऊ नये. माझी दिवंगत पत्नी मीनाक्षी गणपतीत अस्वलाचा कार्यक्रम करते म्हणाली, तेव्हा अध्यक्षांनी, "वहिनी, तुम्ही आपलं मोदकांचं बघा," असे सांगितले होते. ते अध्यक्ष वारले. मी विसरलेलो नाही.

४. बँकेतील शिल्लक नात अन्वी हिला.

५. आता घर. त्याआधी मुलगा यतीन याने काय केले ते नोंदवतो.

तो लहान असताना शनिवारी सकाळी टीव्हीवर जुनी, बिनसंवादांची कार्टून लागत. एकात झोपाळू अस्वल आणि ढोल बडवणारा ससा होता. नव्या व्हिडिओ कॅमेऱ्याच्या हौसेपायी मी तो टीव्हीसमोर स्टुलावर ठेवून सगळे टिपत असे. मीनाक्षी यतीनला मांडीवर घेऊन सगळ्यांच्या तोंडचे मराठीत बोलत असे. अस्वल म्हणजे अण्णा, ससा म्हणजे बंड्या. "अरे मेल्या, जरा डोळा लागू दे की!" हे अण्णाचे. कोपऱ्यावरच्या दुकानातली बाई तिच्या इंग्रजीला हसली, की पुढच्या शनिवारी कार्टूनमधल्या शिकाऱ्याच्या तोंडी त्याच बाईचा आवाज येई. रस्त्यावर गप्प राहणारी माझी बायको अस्वलाच्या तोंडून सगळ्या शर्लीशी भांडली. तिचा आवाज फक्त त्या टेपांवर होता. दुसरीकडे कुठेही नाही.

यतीन बर्मिंगहॅमला जुन्या कार्टूनच्या चाहत्यांच्या ग्रुपमध्ये आहे. महिन्यातून एकदा जमून ही मोठी माणसे एकमेकांना आपापली आवडती कार्टून दाखवतात. गेल्या वर्षी त्याने टेपा नेल्या आणि मला बोलावले. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. दिवे मालवले, अस्वल आले, आणि नुसता बँड वाजला. चित्र लख्ख, आवाज स्वच्छ, मीनाक्षी नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी विचारले तेव्हा चिरंजीव म्हणाले, "बाबा, मागे आईचा बॅकग्राउंड नॉइज होता ना, तो क्लीन केला. टेप्स रिसायकलिंगला दिल्या."

नॉइज! ज्या आवाजावर हा मराठी शिकला, तो नॉइज! त्या दिवसापासून मी त्याला या घराचा उंबरा ओलांडू दिलेला नाही. दोनदा दारातून परत पाठवला, एकदा पावसात. त्याचे मला वाईट वाटलेले नाही.

मग परवा अन्वीचा फोन आला. "आजोबा, बाबा ना, बेअरवालं कार्टून बघताना मराठीत बोलतो. सगळं. एंडपर्यंत. 'डोळा लागू दे' म्हणजे बेअरला आय प्रॉब्लेम आहे का?" मी फोन ठेवला आणि हे पाचवे कलम नव्याने लिहायला घेतले.

सबब हे घर यतीनला मिळावे, परंतु एका अटीवर. त्याने ते स्वच्छ केलेले कार्टून त्याच ग्रुपसमोर लावावे आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत आईचे शब्द मराठीत, मोठ्याने बोलावेत. कोणाला समजले नाही तरी चालेल. अन्वीने ते रेकॉर्ड करावे. तो अडखळला, रडला, तर तेही तसेच ठेवावे. काहीही क्लीन करू नये. अट मोडल्यास घर विकून पैसे मांजरांच्या आश्रमाला द्यावेत. मला मांजरे आवडत नाहीत, हे यतीनला ठाऊक आहे.

६. या पत्राची एक प्रत यतीनला आजच पाठवावी. मी मरायची वाट पाहू नये. कार्टूनच्या शेवटी बर्फात कुडकुडणाऱ्या बंड्याला अण्णा जे म्हणतो, तेच माझे त्याला सांगणे आहे: ये रे मेल्या, आत ये. दार लाव, गारठा येतोय.

(सही) कमलाकर विष्णु पोंक्षे
साउथहॅम्प्टन, ३ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार: आम्हा दोघांच्या देखत पोंक्षेकाकांनी सही केली व त्यांच्या देखत आम्ही. चहाखेरीज आम्हाला यातून काही मिळत नाही.
(सही) आसावरी टिळेकर
(सही) सुश्रुत गद्रे