चढावर भांडता येत नाही

१६ एप्रिल, रविवार

पडले! तीही कुठे – किंग सिटीच्या स्टॉप साइनवर, मागे गाड्यांची रांग असताना. नवे बूट पेडलला अडकतात. थांबायच्या आधी टाच बाहेर फिरवायची असते, हे विहीणबाईंनी घसा कोरडा होईस्तोवर सांगितलं होतं. मी आधी थांबले, मग टाच आठवली. झाड कोसळावं तशी आडवी! एका गाडीतल्या पोरीने काच खाली करून विचारलं, 'आर यू ओके, स्वीटी?' सत्तावन्नाव्या वर्षी स्वीटी!

विहीणबाई – म्हणजे देओलिंडा, तियागोची आई – परत फिरल्या. मला उठवायच्या आधी माझी सायकल उचलली, चाक फिरवून पाहिलं. 'सायकल ठीक आहे,' म्हणाल्या. मग मला हात दिला.

सगळी माझ्या तोंडाची करामत. फेब्रुवारीत आमच्या ऊर्मीचं आणि तियागोचं लग्न ठरलं तेव्हा हे लोक आपल्याकडे जेवायला आले होते. देओलिंडांनी तीस वर्षं टोरोंटोत डंडास स्ट्रीटवर बेकरी चालवली, आता रिटायर झाल्यापासून दर रविवारी सायकल. मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून बोलले – साताऱ्याला असताना मी कॉलेजला सायकलनेच जायचे. झालं! बर्फ वितळायच्या आत त्यांची जुनी रोड बाइक आमच्या गराजमध्ये हजर.

गुडघ्यावर मोठा काळानिळा डाग. उल्हासला दाखवला नाही, नवऱ्याच्या थट्टेला आणखी विषय नको.

७ मे, रविवार

क्लाइनबर्गपर्यंत जाऊन आले. येताना समोरून वारा, तोंडात चिलटं. घरी आले तेव्हा उल्हासने दार उघडलं, वरून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, 'कोण हवंय आपल्याला?'

११ जून, रविवार

आज बिनसलं. पार बिनसलं.

चौघं जेवायला आली होती – देओलिंडा, त्यांचा नवरा अर्मांदो, आणि ही दोन मुलं. श्रीखंड-पुरीपर्यंत सगळं गोडीत. मग देओलिंडा म्हणाल्या, तियागोचा बाप्तिस्मा झाला त्याच चर्चमध्ये लग्न होईल, फादरशी बोलणं झालंय. बोलणं झालंय! मी म्हटलं, अहो, माझी एकुलती एक मुलगी, मांडव नको? सप्तपदी नको? त्या म्हणाल्या, मांडव संध्याकाळी पार्टीत घाला ना, छान दिसेल. छान दिसेल! मांडव म्हणजे काय फुगे आहेत?

मी इंग्रजीत भांडते तेव्हा माझं व्याकरण फार शुद्ध होतं, म्हणजे मी खरंच चिडलेले असते. उल्हास आणि अर्मांदो बार्बेक्यू बघायला म्हणून जे डेकवर गेले ते आलेच नाहीत. ऊर्मी फोनमध्ये बघत, 'आई, व्हॉटेव्हर यू गाइज डिसाइड.' तियागो प्लेटा विसळत होता. गुणी मुलगा आहे.

निघताना देओलिंडा दारात थांबल्या. म्हणाल्या, 'सप्टेंबरमध्ये मी पोर्तुगालला गावी जातेय. डोंगरातली जुनी गावं, आठवडाभर सायकल. तू ये माझ्याबरोबर, मांदा. रस्त्यात ठरवू.'

मी रागातच म्हटलं, 'येते!'

१२ जून

मंदाकिनीबाई, काय करून बसलात!

उल्हास म्हणतो, 'जा की!' इतक्या पटकन का म्हणाला?

२३ जुलै, रविवार

कॅलेडनचा मोठा चढ. आज न उतरता! शेवटच्या वळणाला डोळ्यांपुढे काजवे, छातीत ढोल-ताशा, आणि तरी उतरले नाही. वर कुंपणाशी एक घोडा उभा होता, त्याने फक्त माझ्याकडे बघितलं. तेवढं पुरलं. देओलिंडा म्हणाल्या, 'बॉम!' म्हणजे छान. त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच.

लग्नाबद्दल दोघीही अवाक्षर काढत नाही. हवामान, टायर, केळी – एवढ्यावर दीड महिना चाललाय.

सायकलची ती पॅडवाली चड्डी घालून टिम हॉर्टन्समध्ये कॉफीच्या रांगेत उभी राहते आता. लाज गेली ती गेलीच.

९ सप्टेंबर, शनिवार

बॅग भरली. चिवडा, लिंबाचं लोणचं, गुडघ्याचं मलम. विमानतळावर सोडायला ऊर्मी आली होती. मिठी मारली ती सोडेचना. मी म्हटलं, अगं आठवड्यासाठी चाललेय, सासरी नाही! हसली. नीट हसली नाही. दमली असेल, ऑफिसचं काम फार आहे तिला.

११ सप्टेंबर

बेलमोंत. पोर्तुगाल!

लिस्बनहून आगगाडीने आलो. निम्मा रस्ता नदीच्या काठाकाठाने, मला झोपावंसंच वाटेना. गाव टेकडीवर, वर किल्ला, घरं दगडाची आणि गल्ल्या इतक्या अरुंद की दोन बायका समोरासमोर आल्या तर एकीने कुणाच्या तरी उंबऱ्यावर चढायचं. भाड्याच्या सायकली घेतल्या. दुकानदाराने माझ्याकडे बघून देओलिंडांना काहीतरी विचारलं, त्यांनी चार शब्दांत उत्तर दिलं, तो एकदम वाकून माझ्या सीटची उंची बसवायला लागला. काय सांगितलंत म्हणून विचारलं. म्हणाल्या, 'सांगितलं, ही मुलीची आई आहे. नीट बसव.'

१३ सप्टेंबर

सोर्तेल्या. पोचलो. आधी काय झालं ते लिहिते, नाहीतर झोपेन.

सकाळी उतार, ऑलिव्हची झाडं, शेळ्यांच्या घंटा – मी तर गुणगुणत होते. अकराच्या सुमाराला चढ सुरू झाला. सावली नाही. डांबर तापलेलं. साताऱ्याचा यवतेश्वरचा घाट तीनदा एकावर एक ठेवावा तसा रस्ता, आणि प्रत्येक वळणानंतर अजून एक वळण. देओलिंडा बाजूला आल्या आणि म्हणाल्या – आत्ता! चढावर! – 'तर मग, चर्च.'

मी म्हटलं, 'चर्च... कशाला... मध्ये...'

'तियागो माझा... शेवटचा... मुलगा.'

'ऊर्मी माझी... पहिली... आणि... शेवटची!'

'देवासमोर...'

'आमचापण... देव... आहे!'

'मी... तसं... म्हटलं...?'

पुढे दोघींनाही बोलता येईना. तोंडं उघडी, आवाज फक्त श्वासाचा. मला इतकं बोलायचं होतं! जूनपासून साठवलं होतं सगळं, वाक्यंसुद्धा पाठ केली होती. पण एकेका शब्दाला अर्धं वळण लागायला लागलं. चढावर भांडता येत नाही हो! रागवायलासुद्धा श्वास लागतो. शेवटी मी सायकल आडवी टाकली आणि कडेच्या दगडावर बसून रडायला लागले. लग्नामुळे नाही, उन्हामुळे. म्हणजे, मला वाटलं उन्हामुळे.

देओलिंडा बसल्या शेजारी. दोघींचीही तोंडं टोमॅटोसारखी. त्या म्हणाल्या, 'माझं लग्न टोरोंटोत झालं. माझी आई इथे होती, विमानाला पैसे नव्हते. चर्चमध्ये माझ्या बाजूचे सगळे बाक रिकामे. म्हणून मला वाटतं तियागोचं... की सगळे बाक भरलेले असावेत. बस एवढंच.'

मी म्हटलं, 'माझ्या लग्नात आठशे माणूस होतं. मला त्यातली वीससुद्धा माहीत नव्हती.'

त्या हसायला लागल्या. मग मीही. तेवढ्यात वरून द्राक्षांनी भरलेला ट्रॅक्टर आला. म्हाताऱ्याने आम्हाला बघितलं, थांबला, काही न विचारता मोठा घोस हातात ठेवला आणि गेला. कोमट द्राक्षं. बियांसकट खाल्ली.

संध्याकाळी तटाच्या आतल्या गावात शिरलो तेव्हा मी सायकलवर होते. चालत नाही, सायकलवर! हे कुठेतरी लिहून ठेवायला हवं होतं, म्हणून इथे.

१४ सप्टेंबर

पाय नाहीत. दोन ओंडके आहेत. दिवसभर तटावर बसून राहिलो.

१५ सप्टेंबर, शुक्रवार

देओलिंडाचं गाव. नकाशावर नाव शोधायला चष्मा लागतो. तिची वहिनी – ग्रासा – एकटी राहते, इंग्रजीचा एक शब्द येत नाही. आल्या आल्या स्वयंपाकघरात ओढलं. मी म्हटलं मदत करते, आणि टोपलीकडे बोट दाखवून सवयीने म्हणून गेले – 'बटाटा?'

ग्रासा थबकली. 'बटाटा!' म्हणाली.

मग सुरू झालं. पाव – पांव! चावी – शाव्ह! बादलीला बाल्द, अननसाला अननाश, मेस्त्रीला मेश्त्र! ती घरभर वस्तू उचलत सुटली आणि मी मराठीत सांगत सुटले. सगळे शब्द काही जुळत नव्हते – कढई उचलली तेव्हा दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो – पण जुळला की ग्रासा माझ्या दंडावर चापट मारायची. दंड लाल झालाय. देओलिंडा दारात उभी राहून डोळे पुसत होती, कांदा तर मी चिरत होते.

आता वाचलं तर दिसलं – आज मी देओलिंडाला 'ती' लिहिलंय. एप्रिलपासून 'त्या' होत्या. कधी झालं हे? राहू दे तसंच. खोडत नाही.

१६ सप्टेंबर

उल्हासने फोटो पाठवला. तो आणि अर्मांदो, अर्मांदोच्या परसातल्या द्राक्षाच्या मांडवाखाली. हातात घरची लाल वाइन, समोर सुके मासे, दोघांच्याही डोक्यावर टोप्या उलट्या. खाली लिहिलंय – 'आम्ही उपाशी आहोत, काळजी नसावी.'

तरीच म्हणाला होता 'जा की'!

१७ सप्टेंबर, रविवार

ठरलं! अंगणातल्या अंजिराच्या झाडाखाली, दुपारी जेवण झाल्यावर, पाच मिनिटांत. सकाळी चर्च, तिच्या सगळ्या बाकांवर आमची माणसं बसवायची – टोरोंटोच्या मंडळातल्या बायकांना एकदा सांगितलं की झालं, उभं राहायला जागा उरणार नाही. संध्याकाळी मांडव, सप्तपदी, सगळं यथासांग. पार्टीतला नव्हे, खरा मांडव.

मग मी तिला विहिणीच्या मानाबद्दल सांगितलं. मुलाच्या आईचे पाय धुतात, साडी देतात, वेगळी पंगत बसवतात, आग्रह करकरून वाढतात, आणि तिने रुसायचं असतं. रुसायचं असतं म्हटल्यावर ती खुर्चीवरून पुढे आली.

'रुसायचंच असतं? सगळ्यांसमोर?'

'हो. आणि आम्ही समजूत काढायची.'

'मांदा,' ती म्हणाली, 'हे तू जूनमध्ये का नाही सांगितलंस?'

ग्रासाला भाषांतर करून सांगितलं. तिने लगेच रुसून दाखवलं. अप्रतिम रुसते बाई!

हे सगळं सांगायला ऊर्मीला फोन लावला. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, 'आई, कॅन वी टॉक व्हेन यू आर बॅक?' मी म्हटलं, आत्ताच बोल की. नाही म्हणाली. गाऊनचं असेल काहीतरी. मी नऊवारीचा हट्ट धरीन असं वाटलं असेल तिला.

१८ सप्टेंबर

मोन्सांतो. याहून वर गाव असूच शकत नाही. घरांच्या मध्ये दगड नाहीत, दगडांच्या मध्ये घरं आहेत – हत्तीएवढे धोंडे, आणि त्यांच्याखाली दार, खिडकी, खिडकीत जिरेनियमची कुंडी. एका घराला छप्परच नाही, वरचा धोंडा हेच छप्पर.

आणि चढ – मी पुढे होते! देओलिंडा मागे! शेवटच्या वळणावर मागून ओरडत होती, शिव्याच असणार. वर पोचून तिची वाट बघत उभी राहिले. खाली सगळा मुलुख पिवळा पसरलेला. आयुष्यात इतकं मोठ्याने कधी हसले असेन, आठवत नाही.

१९ सप्टेंबर

दुपारी निघायच्या तयारीत होतो, तेव्हा व्हिडिओ कॉल आला. ऊर्मी आणि तियागो एकाच सोफ्यावर, मध्ये एका माणसाची जागा सोडून. ते लग्न करत नाहीयेत. भांडण नाही, तिसरं कुणी नाही. 'आई, वी आर बेटर फ्रेंड्स दॅन धिस. आम्ही खूप दिवस विचार केला.' तिने 'आम्ही' मराठीत म्हटलं. तियागो त्याच्या आईशी पोर्तुगीजमध्ये बोलला, हळू. तुम्ही दोघी इतक्या खूश होतात, म्हणून सांगवत नव्हतं, असं म्हणाला म्हणे.

फोन बंद झाल्यावर आम्ही दगडाच्या बाकावर बसून राहिलो. आता ही माझी कुणी लागत नाही.

मग देओलिंडा उठली, बॅगेतून पंप काढला आणि माझ्या सायकलच्या चाकात हवा भरायला लागली.