बैलाचं नाव आणि माझी जीभ

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा काय म्हणतोय? मामीला नमस्कार सांगा. आम्ही सगळे खुशाल आहोत. म्हणजे बाकीचे आहेत, माझ्याशी सध्या घरात कोणी बोलत नाही, त्यामुळे माझं मला नक्की कळत नाही.

तुम्हांला ठाऊकच आहे, मी लेबलं छापणाऱ्या छापखान्यात मुद्रितं तपासतो. (सरबतापासून उवांच्या औषधापर्यंतचं सगळं बारीक अक्षर माझ्या नाकाखालून जातं, म्हणून तर चष्मा इतका जाड.) परवा एका तरतरी आणणाऱ्या पेयाचं लेबल आलं. त्यात ‘टॉरिन’ असा शब्द. जाड कोश काढून बघितलं, तर मुळात लॅटिन ‘टॉरस’, म्हणजे बैल! हा पदार्थ पहिल्यांदा मिळाला तो बैलाच्या पित्तात, म्हणून हे नाव. मला असा काही आनंद झाला, की जणू बैल मीच शोधून काढला होता.

आणि नेमके रविवारी धाकट्या बहिणीचे होणारे सासरे-सासूबाई लग्नाची तारीख ठरवायला आले. सासरे रुग्णवाहिका चालवतात. माणूस मितभाषी आणि पक्का शाकाहारी. (आईने बिनअंड्याची बिस्किटं शोधायला मला तीन दुकानं फिरवली होती.) रात्रपाळी करून तसेच आलेले. बोलताबोलता डोळे मिटायला लागले, तेव्हा त्यांनी ओशाळून पिशवीतून तसल्याच पेयाचा डबा काढला आणि घोट घेतला.

“काका, यात बैल आहे,” मी म्हणालो.

“म्हणजे?”

थांबावं की नाही? मी पित्ताशयापर्यंत सगळं समजावून सांगितलं. सासूबाईंनी तोंडाला रुमाल लावला. काकांनी डबा हळूच टेबलावर ठेवला आणि ते बेसिनपाशी जाऊन, नळ सोडून, बराच वेळ पाठमोरे उभे राहिले. मग दोघं तारखेचं न बोलताच उठले.

संध्याकाळी मी कोशातली नोंद शेवटपर्यंत वाचली. (ती आधीच वाचायला हवी होती, हे धाकटीचं मला निरनिराळ्या शब्दांत सांगून झालंय.) नाव तेवढं बैलाचं, हल्ली डब्यात पडतं ते कारखान्यात तयार केलेलं. मामा, लाजेने तोंड लपवायला जागा नाही. माफी मागायला त्यांच्या गल्लीपर्यंत गेलो आणि कोपऱ्यावरून परत आलो.

आपला नम्र,
भाचा

ता. क. : तुम्ही जन्मभर रसायनशास्त्र शिकवलंत, तुमचा शब्द ते मानतील. एक फोन करा ना. माझं नाव मात्र काढू नका.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात काका स्वतःच दारात! मी घाईघाईने कारखान्याचं सांगायला लागलो. ते म्हणाले, “असू दे हो. बैलाचं असतं तरी इतकी वर्षं पोटात गेलंय, आता काय बाहेर काढू? पण मी तिकडे ओकत होतो आणि तुम्ही मागे हसत होतात. ते लागलं.” मी मान खाली घालून माफी मागितली. ते “बरं” म्हणाले आणि आईला तारीख विचारायला आत गेले.

तेव्हा फोन नको. आणि मामा, हसल्याचं मी तुम्हांला वर लिहिलंच नव्हतं.