मधोमध असल्याचा फायदा

३० जाने. २००१
पाच दिवस टीव्हीवर भूज. ढिगारे, ढिगारे. संपादकांचा दोनदा फोन, विनोदी सदर आजच हवं. लिहून टाकलं: भारताचा भूपट्ट वर्षाला चार-पाच सेंटिमीटर उत्तरेला सरकतो, तरी कोल्हापूर दिल्लीच्या जवळ जात नाही, कारण दिल्लीही तेवढीच पुढे पळते. शिवाय आपण पट्टाच्या मधोमध. घाबरायचं ते काठावरच्यांनी. बरं जमलंय.

२ फेब्रु.
छापून आलं. दूधकट्ट्यावर धारोष्ण दूध पिताना कौतुक. बायकोने, सुनंदाने वाचलं, पेपरची घडी घातली. तिच्या शाळेत पाचवीच्या वर्गाच्या भिंतीला आढ्यापासून तडा आहे. वर्ग हलवा म्हणून ती महिनाभर संस्थेच्या अध्यक्षांकडे खेटे घालतेय. मला माहीत होतं. लिहिताना मात्र...

५ फेब्रु.
अध्यक्षांनी माझा लेख कापून शाळेच्या सूचनाफलकावर लावला. वर तिला म्हणाले, "बाई, तुमचं मालकच लिवत्यात, आपुण मधोमध हाय. मग भ्या कशाचं?"
संध्याकाळी स्वयंपाकघरात माझी शिकवणी. भूगोलाच्या बाईंनी कालची कडक भाकरी दोन्ही हातांत धरली. "मी कडा दाबतेय. मोडली कुठं?"
"मधेच," मी.
"जुनी चीर होती तिथं. जोर काठावर लागतो, तुटतं आत. भूज काठावर होतं? किल्लारी? आपली कोयना?"
तुकडे आमटीत कुस्करून खाल्ले.

८ फेब्रु.
खुलासा लिहिला. पहिलं वाक्य: मी हे गंभीरपणे लिहीत आहे. भाकरीचं उदाहरण घेतलं. तिची परवानगी न विचारता.

१० फेब्रु.
आला छापून. कट्ट्यावर गवळी धार काढता काढता, "सर, लई भारी! 'गंभीरपणे' म्हनला तिथंच आमी पडलो की!"
"अरे, खरंच सांगतोय."
आणखी हसला. म्हैस बिचकली.
वीस वर्षं सदर लिहून एवढी पत मिळवली. अध्यक्षांनी हाही लेख फलकावर लावलाय, पहिल्याच्या शेजारी.

१२ फेब्रु.
सकाळी अकराच्या सुमारास हादरा. लहानच. फडताळातल्या वाट्या किणकिणल्या. तसाच स्कूटरवरून शाळेत. पाचवीची पोरं मैदानात, सुनंदा डोकी मोजतेय. एकोणपन्नास. परत मोजली. एकोणपन्नास. मग माझ्याकडे बघितलं.
आत जाऊन आलो. तड्याच्या खालच्या टोकाशी तिने खडूने आडवी रेघ मारून तारीख टाकली होती. तडा रेघेच्या खाली वीतभर गेलाय.
अध्यक्ष आले. "पडली न्हाय न्हवं भिंत? मग? परीक्षा झाल्यावर बघू की." माझ्या पाठीवर थाप. "यावर येक झकास होऊन जाऊ द्या."

१३ फेब्रु.
पाचवी चिंचेखाली बसली. दुपारी सुनंदाला अध्यक्षांचा मेमो. विनापरवानगी वर्ग बाहेर नेला, दोन दिवसांत लेखी उत्तर, अन्यथा कारवाई. चोवीस वर्षं झाली तिच्या नोकरीला.
जेवताना मेमोचा विषय नाही. वांगी महागलीत, एवढंच.

१४ फेब्रु.
उत्तर मी लिहून देतो म्हटलं. तीन मसुदे केले. तिन्हींत एकेक चिमटा. इथला काढला की तिथं उगवतो. खोड.
तिने तिन्ही वाचले. "अहो, हे वाचून ते हसतील, चहा मागवतील, आणि पोरं परत आत."
मग स्वतः कागद घेतला. "ती भिंत उतरवेपर्यंत मी मुलांना त्या खोलीत नेणार नाही." खाली सही.
"बघा, काही बदलायचं का?"
पेन उघडून बराच वेळ बसलो. काही सापडलं नाही.
उद्या दहा वाजता देणार. मीही येतो म्हटलं.
"या. पण बोलू नका."