दीर्घिकेच्या पोटातले तारे

मंगळवार पेठ, कोल्हापूर
१४ सप्टेंबर २०२५

चि. संयोगितास,

बाळासोकाकांचे आशीर्वाद. आम्ही दोघं खुशाल आहोत. तुझ्या आईचा गुडघा अधूनमधून धरतो, तोंड मात्र अजून एकदाही धरलेलं नाही.

तुझं पुण्यातलं व्याख्यान आम्ही टीव्हीवर लावून बघितलं. त्या म्हाताऱ्या, तांबूस, लंबगोल दीर्घिका लहान लहान दीर्घिका पोटात घेऊन वाढतात म्हणालीस. मला वाटलं, तेव्हा तारे एकमेकांवर आपटत असतील. तर तू सांगितलंस, मध्ये इतकी जागा असते की सहसा कुणी कुणावर आपटत नाही. आणि बाहेरून आलेले तारे कितीतरी काळ आपल्या जुन्याच चालीनं फिरतात, त्यावरून ते ओळखू येतात. तुझी आई माझ्याकडं बघून हसली. माझी सगळी नोकरी वारणानगरला दूध डेअरीत गेली. तिच्याशी लग्न करून तुमच्या घरी राहायला आलो, तरी पिशवी फोडली की मी आधी वास घेतो.

मग तिनं समोरच्या मोकळ्या भिंतीकडं बघितलं.

"पोरीच्या बाबांचा फोटो मी उगंच भिंतीवरनं उतरवला," म्हणाली. "तुमास्नी अवघड वाटंल म्हणून काढलेला."

"मला इचारायचं तरी की," मी म्हणालो.

लग्नानंतर तू आलीस, बाबांच्या फोटोची भिंत मोकळी बघितलीस आणि आल्या पावली परत गेलीस. तो मीच काढायला लावला, असं तुला दोन वर्षं वाटतंय. मी बोललो नाही, कारण मग तू आईला धारेवर धरलं असतंस. आता हे लिहायला तिनंच मला बसवलंय. तिच्यावर रागावू नकोस. माझ्या काळजीपोटी चुकली ती.

फोटो परत लावलाय. खिळा मी ठोकला. वाकडा गेला म्हणून बोलणी खाल्ली, पुन्हा ठोकला. फोटो परत लाव, हे तिला सांगायचं मला इतके दिवस धाडस झालं नाही, ते तू तिकडं बसून, नकळत करून टाकलंस. पोरी, तुझे फार उपकार झाले.

दिवाळीला येऊन मैत्रिणीकडं उतरणार, असं कळलं. तसं करू नकोस. मी आलो आणि या घरातलं माणूस बाहेर पडलं, एवढंच मला सलतं. मला काका म्हण, नाहीतर काहीच म्हणू नकोस. पण घरी उतर.

तुझ्या बाबांच्या घरात मागनं आलेला,
बाळासो