समुद्राला जायचा महिना

१० ऑगस्ट १९५७

आज नारळी पौर्णिमा. इथे कुणाच्या गावी नाही. इथे राखी. बैरागढचा बाजार सकाळपासून नुसता राख्यांनी भरलेला. भोपाळच्या चौकातून मुद्दाम नारळ आणवला, तो फोडला तर खवट. तरी नारळीभात केला. हे जेवताना म्हणाले, "वास वेगळा येतोय का गं?" म्हटलं, भोपाळचा नारळ, भोपाळचाच वास येणार.

मग विषय काढला. आजपासून समुद्र उघडला, होड्या पाण्यात गेल्या, आता प्रवासाला हरकत नाही. हे म्हणाले, "बघू."

गेल्या नोव्हेंबरात नागपूरचं सचिवालय इथे आलं. यांना तिकडे मुंबई राज्यात राहता आलं असतं. पण बढती लवकर मिळेल म्हणून यांनी भोपाळ निवडलं. निवडून झाल्यावर मला विचारलं, "तुला काय हवं ते सांग." लग्नाला तेरा वर्षं झाली, असं पहिल्यांदाच विचारलं. मी म्हटलं, समुद्र.

यांना वाटलं, हर्णै. पण हर्णैला आता कुणाकडे उतरू? आई-अण्णा गेले. शांतारामने घर विकलं, परळला खोली घेतली, आणि बहिणीला कळवलं ते सगळं झाल्यावर. आपल्याच गावात पाहुणी होऊन कुणाच्या तरी ओटीवर बसायचं — मला नाही जमणार. त्यापेक्षा जिथे आपलं कधीच कुणी नव्हतं तिथे जावं. म्हणून बेट. म्हणून अंदमान. हे हसले, पण कबूल झाले. "महिना तू ठरव," म्हणाले.

कचेरीत थट्टा झाली म्हणे. एका काळ्या पाण्यावर सरकारने धाडलंच आहे, आता दुसऱ्यावर स्वखर्चाने?

१४ ऑगस्ट

या बराकी लढाईच्या वेळी कैद्यांसाठी बांधलेल्या. आता आम्ही. मधल्या भिंती छपरापर्यंत पोचतच नाहीत. पलीकडे वसुधाताई राहतात, ग्वाल्हेरच्या. त्यांच्या फोडणीला मला ठसका लागतो. त्यांचे यजमान घोरतात ते मला पाठ झालंय. त्यामुळे आम्ही दोघं घरात कुजबुजतो. खरं तर कुजबुजण्यासारखंही काही नसतं.

वसुधाताई आज म्हणाल्या, "नलिनी, तू इतकी चुप का असतेस गं? तबियत ठीक आहे ना?" ठीक आहे म्हटलं.

२ सप्टेंबर

विचारलं. सप्टेंबरात नाही. चार राज्यांची माणसं एका सचिवालयात आली, त्यांची सेवाज्येष्ठतेची यादी चाललीय. कोण वर, कोण खाली. यादी होईपर्यंत कुणी जागचं हलत नाही.

३० सप्टेंबर

ऑक्टोबरात दिवाळी. म्हणजे नाही.

१० नोव्हेंबर

यादी लागली. हे खाली गेले. ग्वाल्हेरचे तिघे वर, रीव्याचे दोघे वर. काल रात्री जेवले नाहीत. मी पाठीवर हात ठेवला तर म्हणाले, "उकडतंय." नोव्हेंबरात!

१७ नोव्हेंबर

आज काशिनाथ देवस्थळी आले होते. जंगल खात्यातले. सहा वर्षं पोर्ट ब्लेअरला होते. मीच यांच्या मागे लागून बोलावलं होतं — चांगला महिना कोणता, ते एकदा माहीतगाराकडून कळू दे.

मी नारळी पौर्णिमेचं बोलले तर गृहस्थ हसले. "वहिनी, तो आपल्या किनाऱ्याचा हिशेब. तिकडे पाऊस मे महिन्यात सुरू होतो तो डिसेंबरपर्यंत. कार्तिकात वादळं. जायचं तर माघात जा. समुद्र अगदी तेलासारखा असतो."

मला राग आला. समुद्राकाठी जन्मले मी, आणि समुद्र कधी उघडतो ते मला जंगल खात्याने सांगावं? पण मनात म्हटलं, ऑक्टोबरात हट्टाने निघालो असतो तर? म्हणजे यांच्या "बघू"नेच वाचवलं. काय म्हणावं.

पोहे फार आवडले त्यांना. मी दुसऱ्यांदा करायला आत गेले. ते दोघं बाहेर ओट्यावर कितीतरी वेळ बोलत होते. यांना इतकं बोलताना मी भोपाळला आल्यापासून पाहिलं नव्हतं. बरं वाटलं.

२० नोव्हेंबर

माघ ठरला. हे "हो" म्हणाले. "बघू" नाही — "हो".

१४ जानेवारी १९५८

संक्रांत. वसुधाताईंकडे हळदीकुंकवाला सगळ्या बायका. मी सांगून टाकलं, आम्ही बेटावर चाललोय. एक म्हणाली, "तिकडे बघायला काय आहे?" म्हटलं, पाणी. सगळ्या हसल्या. वसुधाताई तेवढ्या हसल्या नाहीत. "जा गं, जरूर जा. मी तर समुंदर फक्त कॅलेंडरात पाहिला," म्हणाल्या.

चौकात जाऊन यांच्यासाठी कॅनव्हासचे बूट आणले. वाळूत चामडं खराब होतं, यांना काय ठाऊक.

२५ जानेवारी

हुकूम आला. पोर्ट ब्लेअर. नेमणूक.

ओट्यावर बोलणं चाललं होतं ते याचंच. देवस्थळींनी सांगितलं, तिकडे जागा आहे, वरची जागा, इथल्या यादीशी संबंध नाही. यांनी अर्ज केला नोव्हेंबरातच. मला सांगितलं आज. "होईल की नाही नक्की नव्हतं, म्हणून बोललो नाही."

मी म्हटलं, मग आपण दोघं कधी निघायचं? तर म्हणाले, "कुटुंबाची सोय नाही तिथे. मला एकट्यालाच. सोय झाली की तुला बोलावतोच."

आणि मग म्हणाले, "तुझाच तर समुद्र."

२७ जानेवारी

काल लिहिलं नाही. काय लिहू? महिना मी शोधला. पाहुणा मी बोलावला. पोहेही मीच केले.

६ फेब्रुवारी

गेले. मद्रासच्या गाडीने. बूट घालूनच गेले.

गाडी हलल्यावर मी हात केला. हे सामान मोजत होते.

१८ मार्च

पहिलं पत्र. 'हवा उत्तम. प्रकृती उत्तम. काम बरे आहे. राहण्याची सोय झाली की कळवितो.' लगेच उत्तर टाकलं — समुद्र कसा आहे, रंग कसा, भरती खोलीतून ऐकू येते का, सगळं लिहा.

१४ एप्रिल

उत्तर आलं. 'समुद्र निळा आहे.'

हसू आलं, मग रडू आलं, मग आमटी करपली.

२३ एप्रिल

वसुधाताई गेल्या. त्यांना गावात नवी क्वार्टर मिळाली. बैलगाडीत सामान चढवताना माझा हात धरून म्हणाल्या, "तू पण अर्जी दे ना." म्हटलं, कुणाच्या नावाने देऊ? लोणच्याची बरणी ठेवून गेल्या.

२४ एप्रिल

पलीकडे कुणी नाही. आता घरात मोठ्याने बोलायला हरकत नाही. सकाळी एकदा बोलून पाहिलं — "चहा झालाय." आवाज छपराखालून पलीकडे गेला आणि तिथेच राहिला.

११ मे

ऊन सोसवत नाही. संध्याकाळी टांगा करून मोठ्या तलावावर गेले. वारा होता, लाटा येत होत्या बारीक बारीक. पण वास नाही. पाण्याला वास नसला की ते पाणी वाटत नाही मला.

शेजारी एक बाई मुलाचे पाय धूत होती. तिने विचारलं, "अकेली आई हो?" हो म्हटलं. पहिल्यांदाच मोठ्याने म्हटलं.

१ जून

पत्र. 'पावसाळा सुरू झाला. आता येण्यासारखे नाही. ऑक्टोबरनंतर बघू.' ऑक्टोबरात वादळं असतात हे आता मलाही ठाऊक आहे.

८ जून

देवस्थळी या बाजूला आले होते, सहज डोकावले. मी म्हटलं, पावसात बोटी जातात का? वाईट महिना तर वाईट, मी जाते. तिथे कुणाच्या व्हरांड्यात राहीन, पण जाते.

ते म्हणाले, "व्हरांड्यात कशाला, वहिनी? अच्युतरावांना क्वार्टर मार्चातच मिळालं की. माझ्या जागेवरचा माणूस लिहितो ना मला. दोन खोल्या, समोर समुद्र. मी म्हटलं, वहिनींना इथलीच हवा मानवली बहुतेक."

मी चहा दिला. साखर विसरले. ते तसाच प्यायले बिचारे.

९ जून

कुणी दुसरी असेल का? नाही. तसं असतं तर भांडता आलं असतं. यांना कुणीच नकोय, एवढंच. दोन खोल्या, समोर समुद्र, आणि कुणी कसला रंग विचारणारं नाही. तेरा-चौदा वर्षं मी या माणसाशी हळू आवाजात बोलत आले. आणि तेवढंही यांना ऐकायचं नव्हतं.

दुखतंय. फार दुखतंय. इथे लिहिते, दुसरं कोण आहे.

११ जून

जिथे आपलं कुणी नाही तिथे जायचं, म्हणून बेट निवडलं होतं. तसं पाहिलं तर कुठेही जायला मी आता मोकळी आहे. एक पत्र टाकलं.

२९ जून

उत्तर आलं, हर्णैहून. अण्णा शिकवायचे त्या शाळेच्या हेडमास्तरांचं. शाळेमागे खोली मिळेल, शिकवणीला मुली मिळतील. 'पण बाई, महिना वाईट निवडलात. समुद्र बंद, बोटी बंद. या दिवसांत इकडे कुणी येत नाही.'

मुंबईहून एस.टी.ने जाईन. परवा निघते. माहेरवाशीण म्हणून नाही, भाडेकरू म्हणून.