काळ्या गाडीची किल्ली

वहिनी,

गाडीची किल्ली पिठाच्या डब्यात घातलीय. आबांनी मागितली तरी देऊ नका. म्हणा, सत्यानं पॉलिशवर कोटिंग लावलंय, आठ दिवस गाडी हलवायची न्हाई. खरं तर ते उद्याच वाळतंय, पण तेवढं खोटं माझ्या नावावर खपवा. उद्या तेजूला शाळेत आबांऐवजी मीच सोडतो.

आबा रोज कोरड्या उपरण्यानं धूळ पुसत्यात, त्यानं काळ्या रंगावर बारीक ओरखड्यांचं जाळं झालं होतं. ते मशीननं काढताना डाव्या दारावर, सायकलच्या हँडलाच्या उंचीला, निळा रंग घासलेला दिसला. आबांना दाखवला तर म्हणाले, "कुठं काय हाय?"

फरक दाखवायला मी बॉनेटच्या मधोमध पट्टी चिकटवून एकच बाजू पॉलिश केली होती. आबांनी बॉनेटवर हात फिरवला आन् म्हणाले, "आरशावानी झाली रं!"

हात ओरखड्यांच्या बाजूवर होता.

शाळेच्या वाटेवर कुणी निळ्या सायकलवरनं पडलं का, ते विचारत निमोण्यातनं पुढं दौंडला जातो. डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेऊनच येतो.

चिठ्ठी चुलीत घाला. तेजूला सापडली तर ती आबांना मोठ्यानं वाचून दाखवंल. हल्ली पेपरबी ते तिच्याकडनंच वाचून घेत्यात. आन् आपण म्हणायचो, नातीचे लाड चाललेत.

सत्यजीत